वाडग्यातलं केळवण

९ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टर म्हणाले, "काकू, राग आला की बोलू नका, लिहून काढा. प्रेशर खाली येईल." टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या, आता स्वतःच्या लिहायच्या. अबोलीने त्याच संध्याकाळी ही वही आणून दिली. मुलीला आईचं बोलणं नकोसं झालं की ती अशा भेटी देते.

आज माझ्या भावाच्या मुलाचं, श्रेयसचं केळवण केलं. त्याच्या होणाऱ्या बायकोलाही बोलावलं होतं. अळूची भाजी, कोथिंबीर वडी, पंचामृत, साखरभात, मोजून सोळा पदार्थ. ताटांभोवती रांगोळी, चांदीच्या वाट्या. पोरीला द्यायला स्टीलचं ताटही तिचं नाव घालून आणलं होतं. आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या नावाचं ताट असतं, ही माझ्या सासूबाईंची पद्धत. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं ताट माझ्याआधी रॅकमध्ये उभं होतं. ढीगभर भांडी पडली. कामवाल्या शीतलने घासताना तोंड वाकडं केलं. केलं तर केलं, केळवण काय रोज असतं?

यांनी अळूचे भुरके मारले. पस्तीस वर्षं सांगतेय, आवाज करू नका. नवीन सुनेसमोर लाज आणली.

तिसऱ्या मजल्यावरची मधुवंती मदतीला आली होती. वड्या तळता तळता म्हणाली, "अबोलीचंही ठरलंय म्हणे? मुलाचं आडनाव काय गं?" मी म्हटलं, "इंजिनीअर आहे." मग तेल फार तापलं म्हणून मी गॅस बारीक केला.

सगळे गेल्यावर अबोलीने विचारलं, "आई, आमचं केळवण कधी? भीमराजला आणि त्याच्या आईला बोलवू या ना, असंच घरी."

"बघते," म्हटलं.

"एक महिन्यावर आलंय लग्न."

"बघते म्हटलं ना!"

११ नोव्हेंबर, मंगळवार

अबोली पुन्हा मागे लागली. मी सांगून टाकलं की स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आलीय, वरच्यांचं बाथरूम गळतंय, सगळी भिंत फोडावी लागेल. अशात पाहुणे कुठे बसवणार? बाहेर एखाद्या चांगल्या थाळीच्या ठिकाणी नेऊ, बिल मी देईन.

ती भिंतीकडे बघत राहिली. "रविवारी तर काही नव्हतं."

"ओल काय सांगून येते?"

खोटं बोलले. वहीत खरं लिहायला हरकत नाही. कारण एवढंच की मी थकलेय. लोकांना वाटेल काही दुसरंच असेल. दुसरं काही नाही. आमच्यात असले विचार कधी नव्हते, माझ्या ऑफिसात सगळे होते आणि मी सगळ्यांना संक्रांतीला तिळगूळ द्यायची.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तो मुलगा आला, न बोलावता. हातात एक यंत्र. इमारती तपासायची नोकरी करतो, जुन्या इमारती किती दिवस उभ्या राहतील ते सांगतो म्हणे. "काकू, अबोली म्हणाली ओल आलीय. मीटर आणलंय, दोन मिनिटांत कळेल."

त्याने बाही सरसावून ओट्यामागची सगळी भिंत तपासली. खालून वर, डावीकडून उजवीकडे, अगदी डब्यांच्या फळीमागेसुद्धा. अबोली त्याच्या पाठीशी उभी. यंत्रावर काय दिसत होतं देव जाणे. मग त्याने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. आणि अबोलीला म्हणाला, "हो, आहे ओल. आत मुरलीय. महिनाभर तरी इथे मोठा स्वयंपाक नको."

हसावं की रडावं! बत्तीस वर्षांची सुकी ठणठणीत भिंत, आणि हा म्हणतो ओल आहे. असल्यांच्या हाती मुंबईतल्या इमारती! कशाच्या जोरावर इंजिनीअर झाला ते मी इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतं.

चला, माझं काम तर झालं.

त्याला पोहे दिले, सुपारीच्या पानाच्या ताटलीत. सोसायटीच्या गणपतीतून उरलेला गठ्ठा फ्रिजवर पडून आहे, त्या मुलाच्या खेपांना बरा कामी येतो. चहा कागदी कपात. शीतलला उगाच भांडी कशाला? शिवाय हल्ली पर्यावरणाचं सगळे बोलतातच. पोहे खाऊन त्याने ताटली स्वतःच नेऊन कचऱ्यात टाकली. सवय झालीय त्याला.

१६ नोव्हेंबर, रविवार

ठरलं एकदाचं. मी थाळी म्हणत होते, अबोलीने ठरवलं रामेन. अंधेरी पश्चिमेला जपानी हॉटेल आहे, तिथे. ती दोघं तिथेच पहिल्यांदा भेटली म्हणे.

"केळवण आणि नूडल्सचं?" मी म्हटलं.

"घरी जमत नाहीये ना? मग बाहेर कुठे ते आम्ही ठरवणार. आणि आई, तिथे आपल्यातलं कुणीच शहाणं नसतं. सगळ्यांचीच वाट लागते खाताना. तेच बरं आहे."

काय बरं आहे ते मला कळलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फोनवर रामेन बघितलं. एवढ्याशा नूडल्स, भरपूर कढण, वर अर्धं अंडं आणि एक काळा कागद. कागद खातात. लोक बाहेर रांग लावून उभे. आमच्याकडे आजारी माणसाला कढण देतात, तर तोही नाक मुरडतो.

यांना दाखवलं. हे म्हणाले, "चांगलं लागतं." म्हणजे? तर अबोलीबरोबर दोनदा जाऊन आलेत, मला न सांगता! तो मुलगाही होता. "मला विचारलं नाही कुणी," मी म्हटलं. हे म्हणाले, "विचारलं होतं. तू 'बघते' म्हणालीस."

३० नोव्हेंबर, रविवार

झालं केळवण. रात्रीचे साडेदहा वाजलेत, पाय सुजलेत, पण लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

मुलुंडहून अंधेरी म्हणजे पवईत तासभर रखडपट्टी. आत शिरताच चार पोरं एकदम जपानीत ओरडली. मी पर्स घट्ट धरली. ते स्वागत होतं म्हणे. ओरडणाऱ्यांतला एक लांज्याचा निघाला, त्याला माझा कोकणी हेल लगेच कळला. म्हणाला, "काकू, बसा आरामात." आरामात कसली, पाठ नसलेली स्टुलं! मग त्याने प्रत्येकाच्या गळ्यात कागदी लाळेरं बांधलं. साठी उलटलेल्या बाईला लाळेरं. मी नको म्हटलं. पैठणी होती, म्हणून शेवटी बांधलं.

त्या मुलाची आई आधीच येऊन बसली होती. मीराबाई. पालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर होती, आता रिटायर. घाटकोपरला राहते. साधी सुती साडी, गळ्यात काही नाही. मुलाच्या केळवणाला सुती साडी! मला बघून उठून उभी राहिली. मी पैठणीचा पदर सावरत बसले.

रांगोळी घरून नेली होती, छापे असलेली. पण टेबल एवढंसं, वाडगे ठेवल्यावर बोटभर जागा उरली नाही. पुडी पर्समध्येच राहिली. वाडगा केवढा! श्रेयसला बारशाला त्यात आंघोळ घालता आली असती. आणि सगळ्यांना सारखाच. नवऱ्या मुलाला वेगळा नाही, मुलीला नाही, यजमानाला नाही. केळवणाला कुणाचा मान कुठला ते दिसायला नको?

मला मशरूमचं, बाकीच्यांना चिकनचं. चव सांगू? मिसळीचा रस्सा करायला घेतला, तिखट घालायला विसरले, आणि तोवर गिऱ्हाईक आलं, असं काहीतरी. वर पिवळसर चिवट पट्ट्या होत्या. मीराबाईंनी एक तोंडात टाकली आणि एकदम हसल्या. "हे तर वास्ते! बांबूचे कोंब. आमच्या चंद्रपूरकडे पावसाळ्यात आई करायची. चाळीस वर्षांनी खाल्ले." डोळ्यांत पाणी आलं बाईंच्या. त्यांना जपानातसुद्धा आपलं गाव सापडलं. मला काहीच सापडलं नाही.

यांनी वाडगा उचलून असा भुरका मारला की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मी कोपराने ढोसलं. तर तो लांज्याचा पोरगा म्हणतो, "मारू द्या काकू, आवाज करूनच खायचं असतं. पद्धतच आहे." यांच्या चेहऱ्यावर मोक्ष मिळाल्यासारखं हसू. पस्तीस वर्षांची माझी मेहनत पाण्यात गेली.

दोन लाकडी काड्यांनी खायचं. त्या मुलाने सुरुवातीला वाटीतला एकेक शेंगदाणा काड्यांनी उचलून अबोलीला दाखवला. मिरवत होता. मला काही जमेना. नूडल वर येते आणि सुटते. तिसऱ्यांदा सुटली ती लाळेरं चुकवून पैठणीवर पडली. कुणी बघितलं नाही असं वाटलं. इतक्यात तो मुलगा हातातल्या काड्या टाकून म्हणाला, "छे, आज माझ्याच्याने जमत नाहीये. दादा, सगळ्यांना काटे देता का?" आत्ता तर शेंगदाणे उचलत होता, आणि नूडल्स जमेनात! एवढा जपानचा तोरा आणि शेवटी काटाच. मी काटा घेतला, सगळ्यांनी घेतला म्हणून.

मग अबोलीला नाव घ्यायला लावलं. ती उभी राहून म्हणाली,

"जपानी वाडग्यात नूडल्सचा गुंता,
भीमराज असताना मला कसली चिंता."

लांज्याच्या पोराने टाळ्या पिटल्या, मग चारही पोरं ओरडली. मलाही हसू आलं. ते मी पाणी पिऊन घालवलं.

सगळं नीट पार पडलं असतं. पण निघताना मीराबाई म्हणाल्या, "माधुरीताई, भिंतीचं काम झालं का? भीमराज म्हणाला, ओल फार आहे. मी म्हटलं, अरे, मग तोवर त्यांना आपल्याकडे जेवायला बोलव ना. तर म्हणाला, नको, काकूंचं पथ्य असतं."

मला कसलंही पथ्य नाही. माझ्या फायलीत प्रेशर सोडून एक रोग नाही. हा मुलगा सर्रास खोटं बोलतो, हे मी अबोलीला सांगणार होते. वळून बघितलं तर ती माझ्याकडेच बघत होती.

मीराबाईंनी माझं मनगट धरून नाडी बघितली, न विचारता. "खारट फार असतं हे. रात्री गरम पाणी प्या." हात गार होता बाईचा, आणि खरबरीत. मी लगेच सोडवून घेतला असं नाही. पण घेतला.

१ डिसेंबर, सोमवार

पोटाला काही झालं नाही. होईल असं वाटलं होतं.

पैठणीवरचा डाग जात नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

नोंदणी पद्धतीने लग्न लागलं. पंधरा माणसं, वीस मिनिटं, सह्या. मंगलाष्टकं नाहीत, अंतरपाट नाही. रेशन कार्ड काढायला सुद्धा याहून जास्त वेळ लागतो. सोसायटीत पेढे वाटले, पत्रिका नव्हतीच, त्यामुळे कुणी काही वाचायचा प्रश्न नव्हता. मधुवंतीने पेढा घेताना तोंड उघडलं होतं, मी पुढच्या दारी गेले.

दोघांनी कांजूरला घर भाड्याने घेतलंय. मुलुंडपासून हाकेच्या अंतरावर. रविवारी येईलच ती.

१४ डिसेंबर, रविवार

आली नाही. घर लावतेय म्हणाली.

तिच्या खोलीत आता यांनी पेपरांची रद्दी ठेवलीय. मी ओरडले. हे म्हणाले, "वहीत लिही."

२१ डिसेंबर, रविवार

आज आली, त्याला घेऊन. लग्नानंतर पहिल्यांदा. मी सकाळी सहापासून स्वयंपाकात होते. पुरणपोळ्या, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, तिची आवडती काकडीची कोशिंबीर. तिचं ताट चिंचेने घासून ठेवलं होतं. मागे कोरलंय, "चि. अबोली, बारसे." एकतीस वर्षांचं ताट, अजून चेहरा दिसतो.

वाढायला घेतलं. तीन ताटं मांडली आणि हात आपोआप फ्रिजवर गेला. शपथेवर सांगते, मनात काहीही नव्हतं. हाताला सवय. गठ्ठ्यातली एक ताटली काढून त्याच्यापुढे ठेवली.

अबोली उठली. स्वतःचं ताट उचललं, धुतलेलंच होतं, ते पुसून रॅकमध्ये जागेवर ठेवलं. फ्रिजवरून एक पानाची ताटली काढली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.

"मलाही यातच वाढ."

"अगं, तुझं ताट आहे ना!"

"याचं कुठंय?"

तो मुलगा खाली मान घालून म्हणाला, "अबोली, राहू दे ना."

"राहूच दिलं मी. दोन वर्षं. अकरा वेळा आला तो या घरात, अकराही वेळा यातच. श्रेयसच्या बायकोचं ताट तिच्या लग्नाआधी तयार. ठीक आहे. मी पण आता त्याच घरातली आहे, मला जे त्याला ते."

यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मी वाढलं. आमटी पानाच्या ताटलीतून पसरत पोळीखाली गेली, तशीच खाल्ली तिने. यांनीसुद्धा भुरका मारला नाही.

नंतर मी ओट्याशी उभी असताना आत आली. हळू आवाजात म्हणाली, "आई, भिंत कोरडी होती. मीटर मला दिसत होतं. खाली उतरल्यावर मी त्याला म्हटलं, खोटं का बोललास? तो म्हणाला, काकूंना खोटं पाडून मला काय मिळणार?"

मी म्हटलं, "पुरण गोड झालं होतं का?"

"झालं होतं."

दोघांच्या ताटल्या तिने एकात एक घालून कचऱ्याच्या बादलीत टाकल्या. जाताना मी विचारलं, "पुढच्या रविवारी येशील ना?"

"बघते," ती म्हणाली.

२२ डिसेंबर, सोमवार

अकरा वेळा. मोजत होती.

मला राग आलाय. तिचा आलाय की कुणाचा ते ठरत नाही. मुलुंडच्या निम्म्या घरांत अशाच ताटल्या असतात, मी काय जगावेगळं केलं? त्या बाईला मी माझं मनगट धरू दिलं होतं. एका टेबलावर जेवले, एकाच भांड्यातलं लोणचं घेतलं. हे सगळं कुणी मोजलं नाही.

पण तो काटा. सारखा तो काटा आठवतोय. शेंगदाणे उचलणाऱ्या माणसाला नूडल्स उचलता येणार नाहीत, असं कसं होईल? हे मला त्याच वेळी कळायला हवं होतं. मी त्याला हसत होते. आणि भिंत तपासताना त्याने माझ्याकडे बघितलं ते आठवतंय. मला वाटलं, याला काही येत नाही. त्याला सगळं वाचता येत होतं. लाज वाटतेय मला. लिहिलं, बस.

२४ डिसेंबर, बुधवार

बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गेले. जड बुडाचं ताट घेतलं, अबोलीच्या ताटाएवढं. नाव घालायला धोंडिराम बसतो, वीस वर्षं तोच आहे. त्याचं विजेचं यंत्र दाताच्या डॉक्टरासारखं किरकिरतं.

"नाव बोला ताई."

"भीमराज."

"पुढे?"

मागे बांगड्या वाजल्या. वळून बघितलं तर मधुवंती, प्रेशर कुकरची शिटी घ्यायला आलेली. मी धोंडिरामला म्हटलं, "तेवढंच घाल."

"आडनावाशिवाय कसं? पंगतीत हरवलं तर परत कुणाकडे यायचं?"

मी सांगितलं. त्याने यंत्र सुरू केलं होतं. "मोठ्याने बोला ताई, मशीन चालू आहे!"

"खरात!" मी ओरडले. "भीमराज खरात!"

दुकानातले सगळे थांबले असं मला वाटलं. खरं म्हणजे कुणाला काही पडलेली नव्हती. फक्त मधुवंती पुढे झाली. "कोण गं हे?"

"माझा जावई."

"अच्छा," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ कुकरच्या शिट्या बघत राहिली, जणू त्यांच्यातही घराणी असतात. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ताबडतोब ओळखलं. ते माझंच होतं, दोन वर्षांचं. इतकं वाईट दिसतं हे मला माहीत नव्हतं.

घरी येऊन ताट घासलं. रॅकमध्ये माझं, यांचं आणि अबोलीचं अशी तीन उभी असतात. चौथं तिच्या शेजारी लावलं. जागा होती, आधीपासूनच होती. फ्रिजवरचा गठ्ठा उतरवून शीतलला दिला. ती म्हणाली, "हे कुणाचं नवीन?" मी म्हटलं, "वाच." तिने वाचलं आणि म्हणाली, "आता मला एक भांडं वाढलं."

अबोलीला फोन केला. ताटाबद्दल बोलले नाही. म्हटलं, रविवारी जेवायला या, मीराबाईंनाही आण. ती म्हणाली, रविवारी आम्ही रामेन खायला जाणार होतो. मी म्हटलं, त्या कढणापेक्षा माझं अळू शंभरपट बरं. ती हसली की नाही ते कळलं नाही.

"बघते," म्हणाली.

बरं म्हटलं. भाजीवाल्याला पाच माणसांचं अळू सांगून ठेवलंय.